चोवीस तासांचा विक्रम आणि दहा वर्षांची हमी

मे २०२१ च्या अखेरीस सातारा जिल्ह्यातून एक बातमी आली. खटाव तालुक्यातील पुसेगाव ते म्हासुर्णे या भागात सार्वजनिक बांधकाम खात्याने एका खाजगी कंपनीकरवी चोवीस तासांत, एकेरी पदराच्या हिशेबाने, सुमारे ३९.६७ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अंथरला. रविवार दि. ३० मे रोजी सकाळी सात वाजता काम सुरू झाले आणि सोमवारी सकाळी सात वाजता थांबले. चारशेहून अधिक माणसे राबत होती आणि अडीचशेच्या आसपास वाहने धावत होती. फलटणहून म्हासुर्णेमार्गे सांगलीकडे जाणाऱ्या मार्गाचा हा भाग. त्या वेळचे बांधकाम मंत्री श्री. अशोक चव्हाण यांनी कामाचे कौतुक केले, वर्तमानपत्रांनी मथळे दिले. शाळा तेव्हा बंद होत्या, नाहीतर अनेक शाळांच्या फळ्यांवर ‘आजची बातमी’ म्हणून ती लिहिली गेली असती.

रस्तेबांधणीतील नवतेचे उदाहरण म्हणून या विक्रमाचा दाखला अजूनही दिला जातो. पुढे जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा विक्रम झाला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली, तेव्हा या पहिल्या प्रयत्नाची पुन्हा आठवण निघाली. एखाद्या नाटकाचे किंवा पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या विक्रमाचे परीक्षण करावे असे आम्हाला वाटते. रस्ता हे सार्वजनिक पैशातून निर्माण होणारे सर्वांत मोठे ‘उपकरण’ आहे. त्यावरून आपण रोज जातो, पण तपासून मात्र कधी पाहत नाही.

प्रथम श्रेय. विज्ञानाच्या शिक्षकाने या विक्रमाकडे तुच्छतेने पाहू नये, कारण त्यात खरे अवघड काम आहे. थोडे गणित करू. पदराची रुंदी साडेतीन मीटर आणि थराची जाडी तीन सेंटिमीटर धरली, तर ३९,६७० मीटर लांबीसाठी सुमारे ४,१६५ घनमीटर मिश्रण लागेल. एक घनमीटर दाबलेले डांबरी मिश्रण साधारण २.४ टन भरते. म्हणजे जवळजवळ दहा हजार टन माल झाला. एका डंपरमध्ये वीस टन धरले तर पाचशे खेपा होतात. चोवीस तासांत १,४४० मिनिटे असतात, तेव्हा दर तीन मिनिटांना एक भरलेला डंपर पेव्हर यंत्रासमोर हजर हवा, तोही रात्रभर. जाडीचा आकडा आम्ही गणितासाठी गृहीत धरला आहे, पण कामाचा अंदाज येण्यास तो पुरेसा आहे.

या घाईत एक तांत्रिक फायदाही दडलेला आहे. डांबरी मिश्रण गरम असेपर्यंतच दाबले जाते. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास ते अंथरायचे आणि ते ९०-१०० अंशांवर येण्याच्या आत रोलर फिरवून झाला पाहिजे. तीन-चार सेंटिमीटरचा पातळ थर फार लवकर निवतो. संध्याकाळी काम थांबले की त्या जागी थंड कडा राहते. दुसऱ्या दिवशी तिला नवा गरम थर जोडला तरी तो सांधा कच्चाच राहतो. पावसाचे पाणी प्रथम शिरते ते अशा सांध्यांतून. अखंड चाललेल्या कामात असे आडवे सांधे कमी होतात. म्हणून विक्रमाच्या निमित्ताने मालाचा पुरवठा, तापमानावरचे लक्ष आणि माणसांच्या पाळ्या यांची जी शिस्त दिसली, ती रोजच्या कामात आली तर हवीच आहे.

आमचा आक्षेप मोजमापाला आहे. चोवीस तासांच्या शेवटी जे मोजले गेले ती लांबी आणि वेळ. रस्ता ज्यासाठी बांधतात ते यांपैकी एकातही येत नाही. सतार किती दिवसांत घडवली यावरून मिरजेचा कोणी कारागीर तिची किंमत करीत नाही.

लांबी मोजण्याची ही सवय जुनी आहे आणि एके काळी ती योग्यही होती. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली देशातील रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. हेच बॅरिस्टर जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशींतून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ तयार झाली. विकसित शेतीच्या भागात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असा तिचा एक दंडक होता. जेव्हा रस्तेच नव्हते तेव्हा मैल मोजणे हेच शहाणपण होते. आता खेडोपाडी डांबर पोचले आहे, आणि तरी प्रगतीचा आकडा म्हणून आपण अजून किलोमीटरच सांगतो. दिवसाला किती किलोमीटर, तासाला किती किलोमीटर. त्यातले किती तिसऱ्या पावसाळ्यानंतर शिल्लक होते, हा आकडा कोणत्याही फलकावर दिसत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे आणि अनेक वाचकांना ते ठाऊक असेल. तेथील जंगली महाराज रस्ता १९७६ साली ‘रेकॉन्डो’ या मुंबईच्या कंपनीने गरम मिश्रणाच्या पद्धतीने बांधला. त्या वेळी महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे होते. या कामाचे वैशिष्ट्य असे की कंपनीने दहा वर्षांची हमी दिली होती. त्या मुदतीत खड्डा पडला तर खर्च तिचा. ही मुदत उलटून गेल्यावरही कितीतरी वर्षे तो रस्ता शहरातल्या इतर रस्त्यांना लाजवीत राहिला.

गरम मिश्रण ही काही तेव्हा जगात नवी गोष्ट नव्हती. नवीन होते ते हमीपत्र. ज्याला दहा वर्षे खड्डे बुजवावे लागणार आहेत तो खडी धुऊन घेतो, पाण्याला वाट काढून देतो, डांबराचे तापमान स्वतः पाहतो, आणि याहून स्वस्तात जास्त टिकणारे काही सापडले तर तेही वापरून बघतो. नवतेला उत्तेजन म्हणतात ते हे. बक्षिसे आणि परिसंवाद यांनी हे साधलेले आम्ही तरी पाहिलेले नाही.

आता सामान्य काम कसे चालते ते पाहू. खात्याची एक दरसूची असते. खडी इतक्या रुपयांना, डांबरी थर इतक्या रुपयांना, मुरूम पसरणे इतक्या रुपयांना. अंदाजपत्रक या सूचीवरून होते, निविदा निघते आणि सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला काम मिळते. मोजमाप पुस्तकात जेवढे घनमीटर भरतील तेवढे पैसे. समजा, एखाद्या तरुण कनिष्ठ अभियंत्याला सुचले की येथे खडीचा थर वाढवण्याऐवजी खालच्या काळ्या मातीत चुना मिसळावा. ती बाब सूचीत नसेल तर दराचे पृथक्करण करा, वरिष्ठांची मंजुरी घ्या. इतके करून प्रयोग फसला तर लेखापरीक्षणाचा आक्षेप त्याच्याच नावावर. उलट सूचीप्रमाणे बांधलेला रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला तर दोष पावसाचा. अशा व्यवस्थेत प्रयोग न करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. त्या अभियंत्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे.

येथे सांगली जिल्ह्यातलीच एक गोष्ट आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा तो शेतकऱ्यांच्या गळी उतरायला बराच काळ लागला. लोखंडाने जमीन बिघडेल असा समज होता. औंधच्या संस्थानिकांनी जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर चालला नसता तर नुकसान कारखानदाराचे होते आणि चालला तेव्हा फायदाही त्याचाच झाला. रस्त्याच्या बाबतीत धोका एकाचा, फायदा दुसऱ्याचा आणि खड्डा तिसऱ्याचा अशी वाटणी झाली आहे. गंमत म्हणजे औंध हे गाव त्याच खटाव तालुक्यात आहे.

ठेकेदाराने दिलेल्या हमीचा मुद्दा अलीकडे मोठ्या महामार्गांवर निराळ्या स्वरूपात आला आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या ‘हायब्रिड ॲन्युइटी’ पद्धतीत खर्चाचा ४० टक्के भाग बांधकाम चालू असताना दिला जातो आणि उरलेला सहामाही हप्त्यांनी पुढच्या पंधरा वर्षांत. देखभालही बांधणाऱ्याकडेच असते. ही पद्धत आम्हाला दरसूचीपेक्षा शास्त्रीय वाटते. पण तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या रस्त्यांना, म्हणजे आपली मुले ज्यावरून शाळेत येतात त्यांना, ती क्वचितच लागू होते.

हमी देणाऱ्याला एक प्रश्न मात्र पडेल, आणि तो रास्त आहे. या रस्त्यावरून काय जाणार आहे? याचे उत्तर सातारा-सांगलीत ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून दिसू लागते. कारखान्यांचे भोंगे वाजतात आणि उसाने भरलेले ट्रक व दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठा प्रयोग झाला. त्यातून असा ठोकताळा मिळाला की रस्त्याचे नुकसान आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. हा निसर्गनियम नव्हे, अनुभवाने बसवलेले सूत्र आहे, पण जगभर त्याचा उपयोग करतात.

वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. लहान मोटारीच्या एका आसावर अर्धा टन आणि ट्रकच्या आसावर साडेअकरा टन भार धरा. गुणोत्तर २३ येते. २३ चा चौथा घात २,७९,८४१. म्हणजे ट्रकचा एक आस जेवढे नुकसान करतो तेवढे करायला मोटारीच्या आसाला पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्या माराव्या लागतील! दुसरे उदाहरण धोरणाचे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भार वाढला पावणेतेरा टक्के. त्याचा चौथा घात घेतला तर नुकसान वाढते सुमारे ६२ टक्के. वाहतूकदाराचा डिझेलचा खर्च वाचला हे खरे, पण त्याची किंमत रस्त्याच्या खात्यात पडली, आणि त्या मर्यादेसाठी आखलेले जुने रस्ते मात्र होते तेथेच राहिले. ही मर्यादा झाली कायद्याची. उसाच्या ट्रॉलीत कायदा किती आणि ऊस किती हे वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

भार वरून येतो, तसे संकट खालूनही येते. खटाव-माणचा पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्याच सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरचा पाच हजारांच्या वर. एकीकडे मुरमाड माळ, दुसरीकडे जांभा, आणि खाली कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज भागात खोल काळी जमीन. या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर कितीही गुळगुळीत डांबर असले तरी खालची जमीन दरवर्षी वर-खाली होते. ओली काळी माती भारही फार थोडा पेलते. स्कॉटलंडच्या मॅकॅडमने दोनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले की भार शेवटी मूळ जमीनच उचलते, तिला कोरडे ठेवणे हे रस्त्याचे पहिले काम. आजही खड्ड्याची चौकशी करताना आपण डांबराकडे पाहतो. पाहायला हवे ते बुजलेल्या गटाराकडे आणि रस्त्यापेक्षा उंच झालेल्या साइडपट्टीकडे. पुसेगावचा रस्ता आणि पलूसचा रस्ता यांचे वरचे थर सारखे दिसतील, पण त्यांच्या पोटातली रचना वेगळी हवी. ही नवता अगदी साधी आहे, आणि तिचा कोणी विक्रम करीत नाही.

प्लास्टिकच्या रस्त्यांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण विज्ञान प्रदर्शनांत दर वर्षी निदान एक तक्ता त्यावर असतोच. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. आर. वासुदेवन यांनी ही पद्धत विकसित केली आणि २००६ साली तिचे पेटंट मिळाले. साधारण १६०-१७० अंशांना तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकला की त्याचे पातळ आवरण बसते. खडीत पाणी शिरत नाही, डांबर घट्ट चिकटते आणि काही प्रमाणात वाचतेही. कल्पना अस्सल भारतीय आणि चांगली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ साली तिच्यासाठी मार्गदर्शिकाही काढली. पुढे पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांभोवती ठराविक अंतरात टाकाऊ प्लास्टिक वापरण्याचे धोरण आले. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या किंचित वर होती, म्हणून ते शहर यात बसते, सातारा बसत नाही. आमची तक्रार प्रदर्शनातल्या तक्त्यांबद्दल आहे. प्लास्टिक टाकले की रस्ता टिकला, असे त्यांवर लिहिलेले असते. पीव्हीसी त्यात चालत नाही, कारण तापल्यावर क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतात, हे बहुतेक तक्त्यांवर नसते. आणि गटार बुजलेल्या रस्त्यावर प्लास्टिकचे काहीच चालत नाही, हे तर कोणत्याच तक्त्यावर आम्हाला आढळले नाही.

पाण्याचा प्रश्न रस्त्याच्या बाजूला संपत नाही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. त्यावरच्या फुटांच्या खुणा पाहून आजही शहर आपला पूर मोजते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावाची बोट उलटून माणसे बुडाली. रस्ते पाण्याखाली असल्यामुळेच ती बोटीत बसली होती. पूर आला की मागणी होते ‘रस्ता उंच करा’. मागणी स्वाभाविक आहे. पण सपाट पूरक्षेत्रात नदीच्या प्रवाहाला आडवा भराव घातला तर तो रस्ता राहत नाही, बंधारा होतो. वरच्या बाजूला पाण्याचा फुगवटा वाढतो आणि एका गावाची सोय दुसऱ्या गावाच्या घरात शिरते. रस्ता उंच करायचा तर खाली पाण्याला पुरेशा कमानी किंवा मोऱ्या हव्यात. त्या महाग असतात आणि त्यांची लांबी कोणत्याही विक्रमात मोजली जात नाही.

रस्त्याच्या आकारात चूक राहिली तर काय होते याचे उदाहरण खंबाटकी घाटात आहे. साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहने जुन्या बोगद्यातून बाहेर पडून खंडाळ्याकडे उतरतात. त्या उतारावर इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण आहे. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे तेथे मजुरांना घेऊन जाणारा टेंपो उलटला आणि १८ जण मृत्युमुखी पडले. ती माणसे विजापूर जिल्ह्यातून पोटासाठी निघाली होती. त्या अपघाताचे तात्कालिक कारण काहीही असो, त्या जागेचे भौतिकशास्त्र वर्गात मांडण्याजोगे आहे. शंभर मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना लागणारे केंद्रगामी बल वाहनाच्या वजनाच्या साधारण एक अष्टमांश असते. वेग ६० झाला की ते वजनाच्या एक चतुर्थांशाहून थोडे अधिक, म्हणजे सव्वादोनपट होते. हे बल बँकिंग आणि घर्षण यांनी मिळून पुरवायचे असते. एकापाठोपाठ उलट दिशेची वळणे आली की बँकिंगची दिशाही मध्येच उलटावी लागते, आणि त्यासाठी दोन वळणांमध्ये पुरेशी सरळ जागा हवी. त्यात उतार. पंचवीस टनांचा ट्रक शंभर मीटर खाली उतरतो तेव्हा सुमारे २.४५ कोटी ज्यूल ऊर्जा मुख्यतः ब्रेक आणि इंजिन यांना गिळावी लागते. एवढ्या उष्णतेने पंचाहत्तरहून अधिक लिटर पाणी उकळेल. तापलेले ब्रेक नेमके वळणाच्या तोंडाशी कमी पडतात.

अशा जागी आपण सहसा ‘सावकाश चालवा’चे फलक लावतो, पांढरे पट्टे मारतो आणि चालकाला दोष देतो. चालक चुकतो, पण माणूस चुकणारच हे धरून वळण आखणे हे आखणाऱ्याचे काम आहे. खंबाटकीला तीन-तीन पदरांच्या जुळ्या बोगद्यांचे काम नंतर हाती घेतले गेले. त्याने हे वळणच टाळले जावे असा हेतू आहे, आणि तो योग्य आहे. मात्र आमच्या मते तेथली त्रुटी पहिल्या दहा अपघातांनंतरच आराखड्याची त्रुटी म्हणून नोंदली जायला हवी होती.

शिक्षकांनी यात काय करावे, असा प्रश्न येईल. आम्ही एक छोटे काम सुचवतो. शाळेजवळच्या रस्त्याचा शंभर मीटरचा तुकडा निवडा. गवंडी वापरतो तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून रस्त्याचा मध्य आणि कडा यांच्या उंचीतला फरक दर दहा मीटरवर मोजा. सात मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याला अडीच टक्के उतार असेल तर मध्य कडेपेक्षा पावणेनऊ सेंटिमीटर उंच हवा. पावसानंतर अर्ध्या तासाने पाणी कोठे थांबले आहे ते नकाशावर दाखवा. हंगामात एका तासात जाणारे ट्रक आणि ट्रॉल्या मोजा. खड्डा पडला की तारीख लिहा. नोंदवही दर वर्षी नववीच्या नव्या वर्गाकडे द्या आणि आधीच्या पानांशी ताडून पाहायला सांगा. कोणत्या तुकड्यावर रस्ता आधी फुटला आणि तेथे पहिल्या वर्षी पाणी साचत होते का, हे दोन-तीन वर्षांत दिसू लागेल. पुसेगाव-म्हासुर्णे परिसरातल्या शाळांना तर त्या थराचे वय काढायला कोणत्याही कचेरीत जावे लागणार नाही. त्याची तारीख आणि वेळही छापून आलेली आहे: ३१ मे २०२१, सकाळी सात.